खाली ठेवलेला चाकू

नाथा, तुझी बातमी मीच केली. तालुक्याच्या पानावर, एक कॉलम, फोटोसह. 'अल्पशा आजाराने निधन' असं लिहिलं. पश्चात आई, पत्नी, एक मुलगी असा परिवार लिहिला. व्यवसायाच्या जागी 'मोबाईल दुरुस्ती व ऑनलाइन सेवा' लिहिलं. फोटोत तुझ्या डोक्याला लग्नातला फेटा होता. कॉलमच्या रुंदीत तो बसेना, म्हणून कडेने कापला. तू माझा कोण होतास हे डेस्कवर कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. बातमी पानात लागली, मी पुढची उघडली.

त्या कॉलमात जे बसलं नाही ते इथे लिहितो. त्यातलं बरंचसं चाकूंबद्दल आहे.

हे इतरही वाचतील, म्हणून तुला पाठ असलेली गोष्ट आधी सांगावी लागेल. संगणकावरची बंदुकांची स्पर्धा. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. प्रत्येकाकडे बंदूक असते आणि कमरेला एक चाकू असतो. चाकू सगळ्यांना फुकट मिळतो, साधा, करडा. पण त्याच्यावर चढवायची रूपं मिळतात, त्यांना स्किन म्हणतात. स्किनमुळे नेम सुधारत नाही, मार जास्त बसत नाही, जीव वाचत नाही. चाकू फक्त वेगळा दिसतो. काही रूपं इतकी दुर्मीळ असतात की जगभरातले लोक ती शोधत, अदलाबदल करत, जपत वर्षं घालवतात. पाथर्डीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, मोबाईलचे उघडे सांगाडे आणि उताऱ्यांच्या झेरॉक्स यांच्या मधोमध बसून, तू त्यातला एक होतास.

खेळातलं तुझं नाव 'मढीचंगाढव' होतं, इंग्रजी अक्षरांत, सलग. परदेशी खेळाडूंना ते उच्चारता यायचं नाही. एका रशियनाने अर्थ विचारला तेव्हा तू गंभीरपणे कळवलंस की आमच्याकडे मढीच्या जत्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि मी तिथला सर्वांत महाग माल आहे. त्याने अभिनंदन केलं.

बहुतेकांना निळा चाकू हवा असतो. त्या विशिष्ट स्किनचं पातं तापवलेल्या पोलादासारखं असतं, पिवळं, तपकिरी, जांभळं, मधे निळे डाग. प्रत्येक नगावर डाग वेगळे. जितका निळा जास्त, तितका तो दुर्मीळ. अख्खं पातं निळं असलेले नग जगात मोजके, आणि त्यांच्या मालकांची नावं लोकांना पाठ असतात. तुला ते नको होते. तू शोधायचास धारेला लागून एकच निळी पट्टी असलेले, बाकी मातकट. लोक ते स्वस्तात सोडून द्यायचे. मी म्हणालो होतो की परवडत नाही म्हणून तू तत्त्वज्ञान काढलंस.

"अख्खा निळा म्हंजी रंगवलेला," तू म्हणालास. "लोखंड कधी सगळं निळं व्हतं का? लोहाराकडं बसला हायेस का कधी?"

बसलो नव्हतो. तू बसला होतास. दिवाळीनंतर तुझे आईवडील ऊसतोडीला निघायचे, त्याच्या आधी कोयते लोहाराकडे जायचे. तो पातं तापवायचा, पाणी द्यायचा आणि धारेजवळ निळी रेघ उमटली की हात थांबवायचा. ती रेघ अलीकडेच राहिली तर कोयता ठिसूळ, पुढे सरकली तर मऊ, तिथेच थांबली तर हंगाम निघतो. तू सहावीपर्यंत आईवडिलांबरोबर तोडीवर गेलास. निम्मं वर्ष शाळेत नसायचास, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत यायचास, उन्हाने काळा झालेला, आणि माझ्या बाकावर बसून विचारायचास, "काय काय झालं रं?" मी सुटलेले धडे सांगायचो. तू मला कारखाने सांगायचास. माझ्यापेक्षा तुझा भूगोल चांगला होता.

मला वाटायचं की तू लहानपणीचा कोयता शोधतोस. एकदा तसं बोललोही. तू ओरडलास, "बातमी करू नको लगेच!" मग बऱ्याच वेळाने, खेळ संपल्यावर, स्वतःहून म्हणालास की वडलांचा कोयता घासून घासून शेवटी पट्टीएवढा उरला होता. या खेळात तसं नसतं. चाकू जसा जन्माला येतो तसाच राहतो. ओरखडे असले तर पहिल्यापासून असतात, नवे पडत नाहीत. कितीही वापरा. "झिजतच न्हाई भाड्या," तू म्हणालास, जणू कुणीतरी तुला फसवलं होतं आणि फसवणूक तुला आवडली होती.

झिजत नाही ती वस्तूच नव्हे, असं माझं म्हणणं होतं. ती चर्चा आपण अर्धी सोडली. कोण बरोबर होतं ते अजून ठरलेलं नाही, आणि आता माझ्या एकट्याच्या मताने ठरवणं योग्य होणार नाही.

आपण सकाळी खेळायचो. माझी संध्याकाळ पानं लावण्यात जायची, तुझा दिवस दुकानात. म्हणून तू शटर अर्धं वर करून बसायचास, मी नगरच्या खोलीत चहा घेऊन. त्या वेळी देशातले खेळाडू झोपलेले असतात. समोर कुणीही यायचं, कुठल्याही देशातलं. हेडफोनमधून तुझ्या गल्लीतला आवाज यायचा: दुधाची किटली, जीपवाल्याची "नगर, नगर, नगर," आणि कुणी गिऱ्हाईक शटरखाली वाकून विचारायचं, "नाथाभाऊ, हप्ता आला का बघ ना." तू एका हाताने गोळीबार करत म्हणायचास, "मावशे, आंगठा धुऊन ये, उठत न्हाई तुझा."

या खेळात मेलेला माणूस निघून जात नाही. डाव संपेपर्यंत तो जिवंत सोबत्याच्या डोळ्यांतून बघत राहतो. त्याने तेव्हा गप्प बसावं असा आपला नियम होता, कारण मेलेल्याला सगळं दिसतं आणि ते सांगणं म्हणजे लबाडी. नियम तू केला होतास आणि तूच मोडायचास. मी शेवटचा उरलो की तुझा आवाज यायचा: "मागं. मागं बघ. आरं मागं!" मी वळेपर्यंत उशीर झालेला असायचा. मग तू म्हणायचास, "मी काय बोललोच न्हाई."

आता मी शेवटचा उरलो की आवाज येत नाही. नियम अखेर पाळला जातोय.

माझ्याकडे साधा करडा चाकू होता. तुला त्याची लाज वाटायची. डाव सुरू होण्याआधी काही क्षण सगळ्यांना उभं राहावं लागतं. तेव्हा आपापला चाकू हातात फिरवून बघायची खेळाडूंना सवय असते. तू तुझा फिरवायचास, मी माझा, आणि तू म्हणायचास, "खाली घे त्यो विळा. लोक बघायलेत." मग एक दिवस तू मला एक चाकू पाठवलास. वाकडा, करंबिट म्हणतात तो, धारेला निळी पट्टी असलेला. तुझ्या संग्रहातला सर्वांत चांगला नव्हता, पण दुसरा असेल. मी नकार दिला. वस्तूला किंमत होती आणि मी कुणाकडून किमती वस्तू घेत नाही. पत्रकार परिषदेत जेवणाच्या डब्याबरोबर पाकीट येतं, ते मी परत करतो. सहकारी हसतात. नियम आहे तर आहे.

"आरं मी काय पुढारी हाय का?" तू फोनवर म्हणालास. "तुझ्याकडनं मला कुठली बातमी छापून घ्यायचीय? शटर अर्धं उघडं राहिलं म्हून?"

"प्रश्न त्याचा नाही."

"मग कशाचाय?"

त्याचं उत्तर आजही पूर्ण तयार नाही. एवढं खरं की नियम बाहेरच्यांसाठी केला होता आणि तू बाहेरचा नव्हतास. पण एकाला सोडलं की नियम राहत नाही, असंही मला वाटत होतं. तू चिडलास. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा आलास आणि पहिल्याच डावात, आपल्याच बाजूचा असून, माझ्या पायात बॉम्ब टाकलास. विषय तिथे थांबला. मिटला नाही.

काविळीने तुला नगरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी रोज संध्याकाळच्या पाळीआधी यायचो. तुझे डोळे पिवळे झाले होते. तू म्हणालास, "निळी पट्टी कुठं दिसती का बघ, मग माल दुर्मीळ." वहिनी रागावल्या. आपण दवाखान्याबद्दल बोललो, तुझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो, ऊस कमी आहे म्हणून कारखाने लवकर बंद होतील का, याबद्दल बोललो. चाकूंचा विषय तू काढला नाहीस. मीही नाही. तू बरा होऊन जाशील असं डॉक्टरांना वाटत होतं, मलाही वाटत होतं.

एका संध्याकाळी ऑफिसात फोनवर सूचना आली. तू परत ऑफर पाठवली होतीस, दवाखान्यातूनच. तोच वाकडा चाकू. बदल्यात काही मागितलेलं नव्हतं. संदेशाच्या चौकटीत लिहिलं होतं: "खाली ठेवलाय. उचल."

मला वाटलं, जुनं भांडण पुन्हा सुरू करतोय, म्हणजे तब्येत सुधारली. मी नकार दिला नाही, स्वीकारही केला नाही. बरा झाला की समोरासमोर वाद घालू, असं ठरवून फोन खिशात ठेवला. त्या वादाची वेळ आली नाही.

अशी ऑफर कायम राहत नाही, नाथा. उचलली नाही तर काही दिवसांनी आपोआप रद्द होते आणि वस्तू पाठवणाऱ्याकडे राहते. म्हणजे जिथलं खातं कुणाला देता येत नाही, जिथल्या नियमांत वारसाची तरतूद नाही, अशा ठिकाणी. मला ते माहीत होतं. तरी मी 'स्वीकारा' दाबत नव्हतो. तो चाकू घेतला की आपल्यातला व्यवहार पूर्ण. नाही घेतला तर तुला दिलेला दुसरा नकार, आणि तोही असा की ज्यावर तू मला शिव्या देऊ शकणार नाहीस. दोन्ही नको होतं. मी यादी उघडून तुझं नाव बघायचो. ते करडं झालं होतं. नावाखाली 'शेवटचा ऑनलाइन' आणि पुढे दिवसांचा आकडा. तो रोज एकाने वाढायचा. आमच्या पेशात खात्रीलायक म्हणतात तशी ती नोंद होती. ती वाढताना बघणं चांगलं नव्हतं, पण खरं होतं.

दशक्रियेला पाथर्डीला आलो. विधी आटोपला, पाहुणे पांगले, तेव्हा अर्चनावहिनी म्हणाल्या, "भावजी, एक विचारू का? माझा भाऊ म्हनतो ह्यांचे चाकू विकता येत्यात. मला विकायचे न्हाईत. मला नुसते बघायचेत. रोज सकाळी काय बघत हुते ते."

तुझ्या आईही आल्या. आम्ही दुकानात गेलो. शटर पूर्ण उघडलं. मी तुझा संगणक सुरू केला. पासवर्ड लागलाच नाही, तू खातं कधी बंदच केलेलं नव्हतंस. खेळाची खिडकी आपोआप उघडली.

माझ्या खिशातला फोन वाजला. मी सवयीने काढून बघितला. 'मढीचंगाढव आता ऑनलाइन आहे.'

वहिनींनी वाचलं. "कोन आलं?" त्या म्हणाल्या.

"आपणच," मी म्हणालो. "आपण उघडलं म्हणून."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात चौकटी उघडू लागल्या. रशियनाने गाढवाचं चित्र पाठवलं. नाशिकच्या एकाने लिहिलं, "भाऊ किती दिवस गायब! चल एक मॅच." तिसऱ्याने नुसतं "नाथाभाऊ???" त्यांना कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वर्तमानपत्राचं तालुक्याचं पान त्यांच्यापर्यंत जात नाही. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, तुझ्या नावाने नको म्हणून आधी माझं नाव टाकून. आणि मग लक्षात आलं की तुझ्या नावाखालचा आकडा आता पुसला गेला. यापुढे तिथे आजचा दिवस दिसेल. तू शेवटचा कधी आला होतास याची नोंद आम्ही तिघांनी मिळून खोटी केली होती. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. इथे तशी सोय नाही.

मी चाकू एकेक करून मोठे करून दाखवले. पडद्यावर ते सावकाश फिरतात. वहिनी पडद्याजवळ सरकल्या. तुझ्या आईंनी चष्मा पुसून परत घातला.

"ह्यानं काय कापायचं?"

"खेळातली माणसं, मावशी."

"मान्सं?" त्यांनी विचार केला. "मग आपला ऊस बरा."

वहिनी हसल्या. मला वाटतं, त्या दिवसांत पहिल्यांदा. मावशींनी निळी पट्टी बघितली आणि बोट काचेवर ठेवून म्हणाल्या, "पानी नीट बसलंय." एवढंच. पुढच्या चाकूकडे वळल्या.

पाठवलेल्या ऑफरींच्या पानावर माझं नाव होतं. ते लपवता आलं असतं, पण वहिनींनी आधीच वाचलं होतं. "हे काय? खाली ठेवलाय?"

मी सांगितलं, सगळं, पाकिटाच्या नियमासकट. वहिनींना नियम कळला नाही. तुझ्या आईंना संदेश कळला. त्यांनी तो मला समजावला, कारण मी तोडीवर कधी गेलो नव्हतो. कोयता हातातून हातात देत नाहीत. दिला तर दोघांत भांडण लागतं. ज्याला द्यायचा त्याच्यासमोर जमिनीवर ठेवायचा, हात काढून घ्यायचा, मग त्याने उचलायचा. नवराबायकोसुद्धा उसाच्या फडात असंच करतात.

"पहिल्या बारीला हातात दिला आसंल त्यानं," त्या म्हणाल्या. "भांडलात ना?"

"भांडलो."

"मंग. म्हून खाली ठेवला दुसऱ्या बारीला."

मी म्हणालो की थोड्या दिवसांत ते आपोआप रद्द होईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तू शटरखालून आलेल्या अडाणी गिऱ्हाईकाकडे बघायचास.

"आन् तवर पडून ऱ्हानार? कोयता कुनी पडू देतं का असा? कुनाच्या बी पायाला लागंल. उचला की."

"बघतो, मावशी."

"बघतो काय. तुमी पेपरवाले निसतं बघताच."

परतीच्या बसमध्ये मी त्यावर विचार केला असं लिहिणं बरोबर होणार नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. करंजीच्या घाटात बस थांबली, लोक भेळ खायला उतरले, मी बसून राहिलो. विचार करण्यासारखं फार उरलंच नव्हतं. मी ज्याला भेट समजून नाकारत होतो तिचं तू आधीच दुसरं काहीतरी करून ठेवलं होतंस. तू देत नव्हतास. तू हात काढून घेतला होतास. पुढचं माझ्यावर होतं. ते तू दवाखान्यात पडून, पिवळ्या डोळ्यांनी, माझ्या नियमाला धक्का न लावता केलंस. मला ते आयुष्यात जमलं नसतं. हे तुझ्यासमोर मान्य केलं असतं की नाही, सांगता येत नाही. बहुधा नसतं.

दुसऱ्या सकाळी, आपल्या वेळेला, मी चहा केला, लॅपटॉप उघडला आणि 'स्वीकारा' दाबलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. आहे म्हणालो. चाकू माझ्या यादीत आला, करड्या चाकूच्या शेजारी. आधीचा मालक कोण याची त्यावर कुठेही खूण नाही. धन्यवाद लिहायला चौकट नाही. तो मोठा करून बघितला. धारेची पट्टी एका जागी थोडी तुटते. एवढी वर्षं तुझ्याकडे होता, पण मी नीट बघितलाच नव्हता.

फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव होतं. मी लगेच उचलू शकलो नाही.

"भावजी," अर्चनावहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या फोनवर कायतरी आलंय. इंग्रजीत हाय. तुमचं नाव दिसतंय."

"मी घेतला, वहिनी."

"उचलला?"

"उचलला."

त्या मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, "आत्याबाई, उचलला म्हनत्यात." तुझ्या आई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मग वहिनी परत फोनवर आल्या.

"मग आता ह्यांचा फोन बंद केला तर चालंल ना? आत्याबाई म्हनल्या हुत्या, ते उचलेपातुर चालू ऱ्हाऊ दे. रोज चार्जिंगला लावत हुते मी."

"चालेल."

"बरं."

त्यांनी फोन बंद केला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे जीपवाला ओरडत होता, नगर, नगर, नगर. दुकानाचं शटर उघडं असावं.

"भावजी, तुमी ठेवा आधी," त्या म्हणाल्या. "मग करते."

मी ठेवला.